कुठल्याच मंडळीचे नसलेले नंदकुमार

मुलुंडला घराजवळ, चालत जाण्यासारख्या अंतरावर, मराठी ख्रिस्ती मंडळीचं जुनं चर्च होतं. तरी नंदकुमार आढाव दर रविवारी बसने साकीनाक्याच्या ट्रॅफिकमधून अंधेरीला उपासनेला जायचे.

एकेकाळी ते आणि त्यांची बायको लता त्याच जुन्या मंडळीचे सभासद होते. लता गायनात पुढे असायची. मग विश्वस्तांच्या निवडणुकीवरून मंडळीत दोन तट पडले. भर सभेत लताने एक साधा प्रश्न विचारला, तर भाऊराव नावाचे पंच म्हणाले, "बाई, तुम्ही गाण्यापुरतं बघा." सभेत कुणी हूं की चूं केलं नाही. लता घरी आली आणि मुकाट्याने कणीक मळायला बसली. नंदकुमारांनी मात्र तेव्हाच ठरवलं, इथली नावं काढायची आणि आता कुठल्याही मंडळीत नाव घालायचं नाही. "देवाला माझं नाव माहीत आहे, तेवढं पुरे," ते म्हणायचे. लता यावर हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही.

ती हृदयविकाराने अचानक गेली तेव्हा मुलगा प्रितम मेलबर्नहून धावत आला. अंत्यविधीचं सगळं पैसे देऊन एका माणसाकडे सोपवलं. त्याने आणलेल्या पाळकाने, म्हणजे पास्टरने, लताला कधी पाहिलं नव्हतं. प्रार्थनेत तो तिला ललिता म्हणत राहिला. कबरीपाशी चार नातेवाईक आणि इमारतीतली काही माणसं होती. गाणं कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे माती पडल्याचा आवाज फार स्पष्ट ऐकू आला.

अंधेरीचा हॉल मोठा, थंडगार होता. पडद्यावर गाण्याचे शब्द यायचे, तरुण मुलं गिटार वाजवायची, पाळकांचा संदेशही चांगला असायचा. नंदकुमार दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बसायचे आणि आशीर्वचन संपता संपता बाहेर पडायचे. कुणी काही विचारत नसे. त्यांना तेच आवडायचं.

पुढे त्यांना डेंग्यू झाला आणि हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला दिंडोशीहून त्याच्या मंडळीतलं रोज कुणी ना कुणी डबा घेऊन येई. नर्सने विचारलं, "काका, तुमचं कोण येणार आहे? फोन नंबर द्या." शेवटी त्यांनी इमारतीच्या वॉचमनचा, चंद्रप्रकाशचा, नंबर दिला. तो बिचारा ड्युटी संपवून चार्जर आणि धुतलेले कपडे घेऊन आला, आणि खाटेपाशी उभा राहून परत गेला.

बरे झाल्यावर ते अंधेरीला गेले. दारातल्या मुलीने हसून चॉकलेट पुढे केलं. "पहिल्यांदाच आलात ना, अंकल?"

"हो," ते म्हणाले.

त्या दिवशी संदेशातलं एक वाक्यही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. मुलीचा काही दोष नव्हता. आपल्याला कुणी ओळखू नये, याची काळजी त्यांनीच इतके दिवस घेतली होती.

पुढच्या रविवारी ते बसस्टॉपवर गेले, बस आली, पण ते चढले नाहीत. चालत जुन्या चर्चपाशी पोचले. गुडघ्यांमुळे दारातल्याच खुर्चीवर बसणाऱ्या शांताबाई ओहोळ, लताच्या गाण्यातल्या जुन्या सोबतीण, त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"लता गेल्याचं मला बाजारात कळलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही आम्हाला रडूसुद्धा दिलं नाहीत, नंदकुमार."

"तिला बोलले तेव्हा कुणी उठलं नव्हतं."

"नव्हतंच उठलं. मीपण नाही." शांताबाईंनी पदराने चष्मा पुसला. "आता आत जाऊन बसा. पंखा त्या बाजूचा चालतो."

उपासनेनंतर तरुण पाळक केतन शिरसाठ भेटले. नंदकुमार म्हणाले, "येत जाईन. पण नाव नको."

"या ना, काका. पण उद्या तुम्ही आला नाहीत, तर मी तुमची बेल वाजवायची की नाही? नाव असलं की मला तो हक्क मिळतो." केतननी दाराकडे बोट दाखवलं. "आणि शांताबाई आल्या नाहीत, तर त्यांच्याकडे जाणं तुमच्यावर येतं. आत्ता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला?"

नंतर कित्येक रविवार नंदकुमार आले, बसले, गेले. मग एकदा केतनना बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "घाला नाव."

सभासद करून घेतलं त्या दिवशी पुढे दोन कुटुंबं उभी होती, बायकापोरांसह. त्यांच्या बाजूला नंदकुमार एकटे. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. केतननी मंडळीला विचारलं, "यांना तुम्ही आपलं म्हणून स्वीकारता का?" सगळे उभे राहिले. तिसऱ्या बाकावर भाऊरावही काठीच्या आधाराने उठले. आता पार वाकले होते. प्रभुभोजनाला दोघे एकाच रांगेत गुडघे टेकून होते. नंदकुमारांनी मान वळवली नाही. भाकर मात्र दोघांनी एकाच ताटलीतून उचलली.

घरी आल्यावर त्यांनी वाटीभर तांदळाचा भात लावला. दुपार नेहमीसारखीच लांबली. पलंगाची लताची बाजू तशीच सपाट होती. चारच्या सुमारास प्रितमचा फोन आला.

"कसं वाटतंय, पप्पा?"

"घर तसंच आहे रे."

"मग काय फरक पडला?"

नंदकुमार खिडकीशी गेले. खाली कुणी ओळखीचं नव्हतं.

"बुधवारी भाऊरावांकडे घरप्रार्थना आहे," ते म्हणाले. "शांताबाईंना रिक्षाने मी घेऊन जायचंय."

"भाऊरावांकडे? तुम्ही जाणार?"

"मन नाहीये," नंदकुमार म्हणाले. "पण जायला लागणार."