हवेवाली गन

दयाराम मेश्रामांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही. यात चांगुलपणा कमी आणि सवय जास्त. नोकरी सगळी रायपूरच्या मालधक्क्यावर झाली. तिथले हमाल छत्तीसगढी. त्यांच्यात 'हव' म्हणजे हो. दयारामांनी शब्द तेवढा उचलला आणि अर्थ धक्क्यावरच ठेवला. त्यांच्या तोंडी 'हव' म्हणजे 'ऐकून राहिलो, पुढं बोला.'

रिटायर झाल्यावर तात्यापारा मोहल्ल्यातलं दोन खोल्यांचं घर आणि बायको शेवंताबाई, एवढाच संसार उरला. मुलगा लोकेश नव्या रायपुरात फ्लॅट घेऊन राहत होता आणि दर रविवारी येऊन एकच पाढा म्हणायचा, "पापा, हमारे साथ चलो. ये घर आपसे नहीं संभलता. दीवार देखो."

भिंत खरंच बघवत नव्हती. पण एका रविवारी दयाराम उखडले. "पुढच्या रविवारी हा हॉल मी माह्या हातानं रंगवलेला असन. मग फ्लॅटचं नाव काढायचं नाही."

"और नहीं हुआ तो?"

"तर येतो तुह्याकडं."

शेवंताबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. त्यांचं सगळं गणगोत याच गल्लीत होतं.

हात वर करून ब्रश मारणं दयारामांच्या खांद्याला झेपणार नव्हतं. म्हणून शनिवारी सकाळी रंग फवारायचं मशीन आणायचं ठरलं. आधी सामान अंगणात काढलं. पलंग, कपाट, बाबासाहेबांची तसबीर चादरीत गुंडाळून. मग दयाराम दुकानात गेले.

दुकानदार बोलायला गाडीसारखा सुटला. "अंकल, ये छोटा वाला बिजली का. प्लग लगाओ, चालू. नए आदमी के लिए यही ठीक."

"हव," दयाराम म्हणाले. त्यांना तेच पाहिजे होतं. वायर अंगणातल्या बोर्डापर्यंत पोचेल का, याचा ते विचार करू लागले.

"लेकिन फिनिशिंग हवा वाले में है. उसमें खाली गन आती है. कंप्रेसर तो होगा आपके पास?"

"हव."

"तो गन ही बांध दूं? डिब्बा खुला तो वापस नहीं होगा."

"हव," म्हणत दयारामांनी वायरीचा हिशेब पुरा केला.

घरी डबा उघडला. शेवंताबाईंनी गन उलटीसुलटी करून पाहिली. "याची वायर कुठी आहे?"

"बॅटरीचं असन."

"मंग बॅटरी कुठी आहे?"

दोघांनी खोक्यातला पुठ्ठासुद्धा झटकून पाहिला. शेवटी शेवंताबाईंनी दुकानात फोन लावला, ऐकला आणि ठेवला. "तो म्हणते, अंकलनं सांगतलं घरी कंप्रेसर, हवेची मशीन आहे. काहून सांगतलं?"

"मी नाही सांगतलं. तो बोलून राहिला होता, मी ऐकून राहिलो होतो."

"ऐकता ऐकता काय म्हटलं?"

"हव." शेवंताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

हवेची मशीन नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडं होती. दयाराम गन घेऊन गेले. त्यानं ती मन लावून पाहिली. "हवा तो दे दूं अंकल, पर मशीन यहां से नहीं हिलेगी. आप दीवार ले आओ."

मग ते ब्रश घेऊन आले. हात भिंतीच्या कमरेपर्यंतच वर गेला, तेवढीच रंगली.

रविवारी लोकेश फाटकातच थबकला. अंगणात पलंग, कपाट, भांड्यांची पोती. रिकामा हॉल त्यानं पाहिलाच नाही.

"आपने तो सामान भी निकाल लिया?" त्यानं आईचा हात धरला. "मम्मी, मुझे लगा था पापा कभी नहीं मानेंगे. निधी ने आपका कमरा तैयार करके रखा है. रोज झाड़ू लगाती है."

सुनेचं हे झाडणं दोघांनाही ठाऊक नव्हतं. शेवंताबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "सांगा ना त्याले. अजून एक आठवडा दे म्हणा."

दयारामांनी तोंड उघडलं. लोकेश तोवर टेंपोवाल्याला फोन लावून बसला होता आणि इतक्या आनंदात पत्ता सांगत होता, की मधे बोलायला जागाच नव्हती. दयाराम कपाटापाशी गेले आणि उगाच त्याचं दार लावून पाहू लागले.

"मोठा टेंपो सांग," ते म्हणाले. "हे आडवं टाकलं की दार बसत नाही."