रविवारी चाकण चालू असतं

सोमवारी सकाळी मी आमच्या ऑफिसातली एक मीटिंग कायमची बंद करायला निघाले होते. हातात कागद होता, मनात भाषण तयार होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"म्याडम, काळोखे बोलतोय, चाकणातनं. तुमच्या साहेबांचा फोन लागंना. काल आमची लाइन पावणेतीन तास उभी व्हती. ज्यानं केलं त्याचं नाव सांगा. आणि त्याला आमच्या कामावरनं काढल्याचा मेल संध्याकाळपर्यंत पाठवा. न्हाईतर पुढच्या वर्षी आपलं जमायचं न्हाई."

काळोखे म्हणजे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका प्लांटचे मॅनेजर. आम्ही हिंजवडीच्या अलीकडे बसून अशा कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. प्रत्येक भागावरचा बारकोड आमच्या सॉफ्टवेअरनं वाचला, तरच तो भाग पुढच्या मशीनवर जातो. आमचं बंद पडलं की त्यांचं बंद. मी तिथली एचआर. वाढदिवसाचा केक आणि राजीनाम्याचं पत्र, दोन्ही माझ्याच टेबलावरून जातात.

नाव शोधायला मला दोन मिनिटं लागली. रविवारी सकाळी दहा वाजता त्या प्लांटवर नवं अपडेट टाकलं होतं, म्हणजे सॉफ्टवेअरची सुधारलेली आवृत्ती बसवली होती. ती बसताना जुनी बंद ठेवावी लागते. हे काम प्रणालीचं होतं. नांदेडची मुलगी, मारुंजीत तिघींत मिळून फ्लॅट घेऊन राहणारी. तिचं प्रोबेशन त्याच आठवड्यात संपत होतं आणि तिच्याकडे हा एकच क्लायंट होता. त्याच्या कामावरून काढायचं म्हणजे घरीच पाठवायचं.

आता मी जी मीटिंग बंद करायला निघाले होते, तिच्याबद्दल सांगते. दरवर्षी आम्ही लोकांना विचारतो, इथे काय आवडतं आणि काय आवडत नाही. आवडण्याच्या रकान्यात शनिवार-रविवारची सुट्टी, कुणाला सर म्हणावं लागत नाही, आजारी पडलं तर कुणी चौकशी लावत नाही, असलं बरंच चांगलं येतं. वाचून बरं वाटतं. न आवडण्याच्या रकान्यात कँटीनची भाजी, पुनावळ्याचा ट्रॅफिक आणि सोमवारची मीटिंग. यंदा तर मीटिंगनं भाजीलाही मागे टाकलं होतं.

मीटिंग अशी. सोमवारी सगळे चहाचे कप घेऊन कँटीनमध्ये उभे राहतात. मागच्या आठवड्यात ज्याच्या हातून चूक झाली, त्यानं ती स्वतः सांगायची. मी काय केलं, त्यानं काय झालं, मला काय माहीत नव्हतं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आणि ऐकणाऱ्यानं 'असं कसं केलंस' म्हणायचं नाही. आमचे डायरेक्टर अभय यांनी कंपनी सुरू केल्यापासून हे चालू ठेवलं आहे. मला ते कधीच पटलं नव्हतं. सगळ्यांसमोर पोरांना कशाला उभं करायचं?

अभय आले तसं मी दारातच त्यांना काळोख्यांचा निरोप सांगितला.

"नाव द्यायचं नाही," ते म्हणाले.

"क्लायंट जाईल."

"मंजिरीताई, आज नाव दिलं तर पुढच्या सोमवारी सगळे नुसता चहा पिऊन जातील. मग चुका आपल्याला काळोखेच सांगत बसतील."

आत गेलो. एका मुलानं चुकीची फाइल पाठवल्याचं सांगितलं. प्रणाली कपाकडे बघत होती. ती गप्प बसली असती तरी कुणी विचारलं नसतं. तसा नियमच नाही. पण तिनं कप खिडकीत ठेवला.

"चाकणचं अपडेट मी रविवारी लावलं. त्यांची लाइन पावणेतीन तास बंद राहिली. मला वाटलं रविवारी कंपनी बंदच राहती. तिकडं सुट्टी गुरुवारी असती, हे मला माहीत नव्हतं."

एवढंच. वाक्यं सरळ होती.

इकडच्या बऱ्याच कारखान्यांना विजेच्या सोयीसाठी आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. मी पिंपरीत वाढले. माझे वडील जन्मभर कारखान्यात होते. सुट्टी गुरुवारची आणि घरात दत्ताचा वार, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ताटात मटण कधी पडलं नाही, ही त्यांची शेवटपर्यंत तक्रार होती. मला गुरुवार माहीत नसेल तर कुणाला असणार? आणि नव्या मुलांना पहिल्या दिवशी सुट्ट्यांची यादी कोण देतं? मी देते. छान रंगीत यादी. तिच्यात आमचे शनिवार-रविवार आहेत. आम्ही ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्या सुट्टीचा एक शब्द नाही.

हातातल्या कागदाची मी घडी घातली.

"यादी मी करते," मी म्हणाले. "तिच्यात प्लांटच्या सुट्ट्या कधी घातल्याच नाहीत. त्यामुळे हिला कळायला काही मार्गच नव्हता. 'मला माहीत नव्हतं' असं मला म्हणता येत नाही. मला माहीत होतं. सांगावं हे सुचलं नाही."

वीस वर्षांच्या नोकरीत मी इतकी कधी शरमले नव्हते. एकानं माझा कप भरून आणून दिला.

संध्याकाळी अभयनी काळोख्यांना फोन लावला. चूक कंपनीची आहे, कारण हे आहे, यादी आजच बदलली, रविवारी अर्धवट राहिलेलं अपडेट गुरुवारी आमची माणसं स्वतः येऊन बसवतील, आणि नाव मिळणार नाही. "या गुरुवारी. मग बघू," एवढं म्हणून काळोख्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी मी आणि प्रणाली मोशी ओलांडून चाकणला गेलो. प्लांट शांत होता. प्रणाली लॅपटॉप उघडून बसली. काळोखे हाताची घडी घालून तिच्या मागे उभे. चाळीस मिनिटांत राहिलेलं काम झालं. तिनं दहा भागांचे बारकोड वाचून दाखवले, सगळे बरोबर.

काळोख्यांनी चहा मागवला. अर्धा प्याले आणि म्हणाले, "तूच केलंतं ना रविवारचं?"

"हो."

"तुझा मेल आलता मला. शुक्रवारीच. रविवारी धा वाजता बंद ठेवणार म्हणून. मी उघडलाच न्हाई. उघडला असता तर तिथंच थांबवलं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आमच्या साहेबांना मी हे अजून बोललो न्हाई, म्याडम. आज बोलतो. पोरीला राहू द्या आमच्याच कामावर."

मी प्रणालीकडे बघितलं. ती चहा फुंकत होती.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "मेल केला होतास? मग सोमवारी सांगितलं का नाहीस? नोकरी गेली असती तुझी."

"ती त्यांची चूक होती ना मॅडम," ती म्हणाली. "सोमवारी आपली सांगायची असती."

शुक्रवारी सकाळी ऑफिसात शिरल्या शिरल्या मी तिचं कन्फर्मेशनचं पत्र टाइप केलं. चहासुद्धा नंतर घेतला.

लोकांना जे आवडत नाही ते सगळंच बंद करायचं नसतं, एवढं मी त्या आठवड्यात शिकले. मलाही ती मीटिंग आवडत नाही. पण आता मी कधी चुकवत नाही.