झाकणाएवढी जमीन

माझ्या नवऱ्याला टेबलावर लढाईचा खेळ मांडायचा नाद आहे. बोटभर उंचीचे सैनिक तो बाटल्यांच्या झाकणांवर चिकटवतो. मग झाकणाला डिंक लावून त्यावर चहाचा वाळवलेला चोथा भुरभुरतो, की झाली जमीन तयार.

"एकेकाला वेगळी माती कशाला? सगळ्या टेबलावरच पसर ना," मी म्हटलं.

"अगं, मग तो पुढे सरकला की माती मागेच राहील."

सासूबाई गॅलरीत बसल्या होत्या. गाव सोडून आमच्याकडे आल्यापासून त्या घरात कुठेही बसल्या, तरी आधी तिकडून आणलेलं गोणपाट अंथरतात. संध्याकाळी त्या उठल्यावर मी ते झटकायला उचललं, तर विणीत गावची माती अडकलेली दिसली. मी ते न झटकताच घडी घालून ठेवलं.