जिद्दाच्या बाजारातले पाच तास

जिद्दाला आमची जी धांदल उडाली, तिला जबाबदार एकच माणूस: आमच्या जहाजाचा सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, दाऊदमामू. माझा सख्खा मामा. नाव घ्यायला मी घाबरत नाही. जहाजाच्या तळाला पाणी जसं कुणी न ओतता साचतं, तसे या माणसाचे किस्से साचतात. अधूनमधून उपसावेच लागतात!

आखाती लढाईचे दिवस. कांदे उतरवून जहाज संध्याकाळी सुटणार होतं. खाली उतरायला परवानगी पाच तासांची. माझं काम एकच. अब्बा सहा वर्षं तिथल्या जुन्या बाजारात ब्लँकेटच्या दुकानात कामाला. लढाईची भाषा सुरू झाल्यापासून घरी एक पत्र नाही. निघताना अम्माने बजावलं होतं, "त्यांच्या हातचं चार ओळींचं पत्र आण. नाहीतर तोंड दाखवू नकोस."

*

आमचा भंडारी, म्हणजे कुक, अब्बासचाचा. रेडिओवर विषारी गॅसचं ऐकून ऐकून धसका घेतलेला. रॉकेटं पडत होती ती पार दुसऱ्या किनाऱ्याला, दम्माम-खोबरकडे. हा इथे तोंडाभोवती ओला टॉवेल गुंडाळून उतरला! गेटवरच्या पोलिसाला वाटलं, दाढ दुखतेय. त्याने खिशातून गोळी काढून दिली. चाचाने गिळली! वर आम्हाला म्हणतो, "बघा, सरकार गॅसवर गोळ्या वाटतंय!"

*

जुनं शहर म्हणजे पोवळ्याच्या दगडाची उंच घरं, लाकडी सज्जे आणि बोळच बोळ. मामू पुढे. "तीस वर्षं येतोय मी इथे!" पाऊण तास चाललो आणि पुन्हा त्याच अत्तराच्या दुकानासमोर. तिसऱ्यांदा आलो तेव्हा दुकानदाराने आमच्यासाठी खुर्च्याच मांडल्या!

"मामू, कुणाला तरी विचारा."

"सारंग रस्ता विचारत नाही. मिनार बघून चालतो."

मिनार पाच होते!

*

तेवढ्यात असरची, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाची, अजान झाली. धडाधड शटरं खाली. विचारायलाही माणूस उरला नाही. नमाज झाल्यावर मामूने घड्याळ पाहिलं. "खलास. यल्ला, चला जहाजावर."

"अब्बांना भेटल्याशिवाय मी येत नाही."

"सारंगच्या तोंडाला लागतोस? अकरावीतून पळालेलं पोर!"

"पळालो म्हणूनच रस्ता विचारायची लाज वाटत नाही!"

कोपऱ्यावरच्या मलबारी चहावाल्याला विचारलं. त्याने मानसुद्धा न उचलता बोट दाखवलं. दोन गल्ल्या!

*

अब्बा ब्लँकेटच्या थप्पीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "आओ भाई, सिंगल चाहिए या डबल?"

पोटचा पोरगा ओळखला नाही!

"पत्र पाहिजे," मी म्हटलं. "सिंगल चालेल."

त्यांच्या हातातला मापाचा टेप गळून पडला. "सलीम? अरे, लढाई चालू आहे, टपाल बंद..."

"टपाल आलंय. समोर उभं आहे. लिहा!"

मामू बाहेरून ओरडत होता, "जहाज सुटेल!" मी दारात आडवा उभा. अब्बांनी ब्लँकेटच्या पुठ्ठ्यावर लिहिलं. चार नाही, अकरा ओळी!

जहाज आमच्यासाठी तासभर थांबलं होतं. कॅप्टनने विचारलं, "कुणामुळे?" मामूने माझ्याकडे बोट केलं.

"हो, माझ्यामुळे!" पुठ्ठा छातीशी धरून मी खणखणीत सांगितलं.

मुंबईला मला उतरवलं. पुन्हा कुठल्याच जहाजावर घेतलं नाही.