मास्तरांनी उपडा ठेवलेला ग्लास

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी फादर असताना लोक भूत उतरवायला यायचे. मी त्यांना डॉक्टरचा पत्ता द्यायचो!

तीन वर्षांपूर्वी मी धर्मगुरूपद सोडलं. बाई होती का? नव्हती. वेदीसमोर जे बोलत होतो ते आतून येईना, आणि खोटं बोलून जेवायचं नव्हतं. बिशपांना तसं लिहिलं, रोमहून रीतसर परवानगी आली. पण इथल्या लोकांना कोण सांगणार? नावं ठेवण्यात सगळ्यांत पुढे याकोब मास्तर, आमच्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणारे. माझ्या आईच्या मातीला या माणसानं शवपेटीवरचा माझा हात काढला... "शपथ मोडलेल्याचा हात नको." चारचौघांत!

आता मी नवी पेठेत चादरींच्या दुकानात कामाला आहे. एप्रिलमधली गोष्ट. भर दुपारी मास्तर पायरीवर उभे — पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं.

"फादर, चला की. लई उशीर झालाय."

तीन वर्षांत पहिल्यांदा फादर म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

"मी फादर नाही. चर्चमध्ये जा."

"नवे फादर आज पुण्याला गेल्यात. मरणाऱ्याची कबुली तुला बी ऐकता येती. नियम तूच शिकवला हुतास."

खरं होतं. पद सोडलं तरी मरणाच्या दारातल्या माणसाला पापक्षमा द्यायला धर्मगुरूला मुभा असते, फक्त तेवढीच. पण मरतंय कोण, ते काही म्हातारा सांगेना. दुकानाच्या शेठनी त्यांना पाणी दिलं. मास्तरांनी ते पिऊन ग्लास त्यांच्या जुन्या सवयीनं उपडा ठेवला आणि निघून गेले.

दहा मिनिटं मी धुसफुसत चादरींच्या घड्या घातल्या. मग वाटलं, त्यांच्याच घरातलं कोणी असेल; केली रिक्षा, गेलो रेल्वे लाइन्समागच्या त्यांच्या घरी.

दार मास्तरांच्या मुलीनं, मार्थानं उघडलं.

"तुमी कशाला आलाव हितं?"

"मास्तरांनी बोलावलं."

"थट्टा करताव व्हय? आठ दिस झालं, कुशीवर वळता येत न्हाय. वाचा गेलीया त्यांची!"

मी तिला बाजूला सारून आत गेलो. मास्तर खाटेवर. डोळे मिटलेले, घशात घरघर... अंगात तोच पांढरा शर्ट.

वरचं बटणही लावलेलं. तरी खोटं कशाला बोलू? त्यांना तसं पडलेलं बघून क्षणभर बरं वाटलं. आईची पेटी आठवली. वाटलं, जाऊ दे तसाच. कोणाला कळणार होतं?

शेवटी मार्थाला बाहेर बसवलं, दार लोटलं आणि खाटेशी वाकलो. पुढचं सांगणार नाही. कबुलीतलं बाहेर बोलायचं नाही, तो नियम मी सोडलेला नाही. एवढंच सांगतो, की क्षमेचे शब्द पूर्ण म्हटले.

संध्याकाळी मास्तर गेले. दुसऱ्या दिवशी मार्था सगळ्यांना सांगत होती, "घरात घुसला मेला." मातीला मला फाटकातच अडवलं. वाटलं, सगळ्यांना ओरडून सांगावं... पण तसाच दुकानावर परतलो.

शेठ अजून विचारतात, "तो म्हातारा परत आला नाही हो?" म्हणजे त्यांनीही पाहिलं, स्वतःच्या हातानं पाणी दिलं. मग पायरीवर कोण होतं? मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा, फक्त मला 'देवाची हाक' वगैरे ऐकवू नका.

देवाची क्षमा माझ्या हाती होती, ती मी दिली. माझी स्वतःची अजून दिलेली नाही. ती मागायला आले परत पायरीवर, तर बघू.