मजऱ्याच्या फाटकावरचा चौकीदार

आमच्या तालुक्याच्या बोर्डिंगचे चौगुले सर नसते, तर मी बी.ए. झालो नसतो आणि फौजदारही झालो नसतो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आठवीत असताना एका मुलाचा स्वेटर चोरीला गेला. आळ माझ्यावर आला, आणि प्रार्थनेच्या वेळी सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी गाठोडं बांधून गावचा रस्ता धरला होता. स्वेटर धोब्याच्या गठ्ठ्यात सापडला, तेव्हा सर सायकलवरून माझ्या मागे आले. मला परत नेलं, मुलांना पुन्हा रांगेत उभं केलं आणि त्याच जागेवरून म्हणाले, "चोर हा नाही. चूक माझी." त्यानंतर मी शिकलो. हे आधी सांगतो, कारण त्याशिवाय दुबईकडची ती घटना मला आजही का आठवते, ते कळणार नाही.

माझ्या नोकरीतले गुन्हे त्या त्या ठाण्याच्या डायरीत नोंदलेले आहेत. हा कुठेच नाही. निवृत्तीनंतर मी मुलाकडे, दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत राहत होतो. मंदीला वर्ष उलटून गेलं होतं. लिफ्टमध्ये रोज दिसणारी माणसं दिसेनाशी होत होती आणि कुठे गेली ते कोणी विचारत नव्हतं. तशातही मुलाच्या ओळखीच्या मराठी मंडळींनी थंडीतली छावणी रद्द केली नाही.

छावणी म्हणजे सुट्टीचे दोन दिवस जुन्या काळात राहायचं. रास अल खैमाच्या बाजूला, डोंगराखाली एका अरबाचा मजरा होता, म्हणजे खजुराची शेतवाडी. तिथे राहुट्या ठोकायच्या, पुरुषांनी अंगरखे-पगड्या, बायकांनी नऊवारी, चुलीवर स्वयंपाक, ढाल-तलवारीचे हात, मुलांसाठी लुटुपुटुची लढाई. एकमेकांना हाकसुद्धा हुद्द्यानेच मारायची. एक नियम कडक होता. फाटकातून आत आलं की मोबाइल, घड्याळ, गाडीची किल्ली, सगळं एका लोखंडी पेटीत जमा. मी खात्यातला, म्हणून मला किल्लेदार केलं आणि पेटी माझ्या ताब्यात दिली.

"आजोबा, दिस इज नॉट अ फोन. इट्स ओन्ली अ गेम," एक पगडीवाला सहा वर्षांचा सरदार म्हणाला.

"शत्रूला सापडला तर?"

त्याने विचार केला आणि गेम पेटीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरनौबतांची गाडी जागेवर नव्हती. सरनौबत म्हणजे छावणीचा मुख्य. एरवी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात मॅनेजर, चाळिशीचा, देखणा, सगळ्यांचा लाडका. मोठी पांढरी गाडी, नवी. मी पेटी उघडली. किल्ली होती तशी होती.

फाटकावर मजऱ्याच्या मालकाचा चौकीदार होता. वयस्कर पठाण, पांढरी दाढी, बिनबाह्यांचा स्वेटर. तो म्हणाला, "सुबह-सुबह एक आदमी गाडी ले गया. टोपीवाला, हिंदी बोलनेवाला. चाबी उसके पास थी, साहब. मैंने सलाम करके फाटक खोला."

"चाबी तो पेटी में है," छावणीचे फडणीस ओरडले. ते एका ऑफिसात हिशेब पाहत. "झूठ मत बोलो. कितना लिया उससे?"

पाच-सहा जण गोळा झाले. कमरेला तलवारी, मध्ये तो म्हातारा. मी खुर्चीवर बसलो आणि त्याला म्हणालो, "बैठ." तो वाळूत बसला. बायका-मुलांच्या देखत मी त्याचा जबाब घेतला. तेच प्रश्न उलटसुलट तीनदा विचारले. त्याचं उत्तर बदललं नाही. जबाब खरा असतो तेव्हा असाच असतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्याला ऊठ म्हणालो नाही.

फडणिसांनी पेटीतून आपला मोबाइल काढला आणि मजऱ्याच्या मालकाला कळवून टाकलं की त्याच्या चौकीदाराने गाडी चोरांना दिली. त्या माणसाचा व्हिसा मालकाच्या हातात. मालकाने नको म्हटलं की तो विमानात.

सरनौबत एवढंच म्हणत होते, "आधी पोलीस. मला रिपोर्ट लागेल."

ते मला खटकलं. ज्याची वस्तू जाते तो आधी वस्तू मागतो. कागद नंतर सुचतो.

घटनास्थळ पाहिलं. वाळूवर काचेचा कण नाही, गाडी ढकलल्याची खूण नाही. म्हणजे दुसरी किल्ली. एवढ्यात सून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, सरनौबतांच्या राहुटीत त्यांच्या धाकटीची बेबी सीट आहे. काल आले तेव्हा गाडीत होती, मी पाहिली. इथे राहुटीत कशाला लागते ती?"

मी सरनौबतांना म्हटलं, "जरा इकडे येता का?" आणि त्यांना खजुरांच्या मागे नेलं. एकट्याला. खांद्यावर हात ठेवून.

"गाडी कुठंय?"

"काका, मला काय माहीत?"

"मुलीची सीट तुम्ही आधीच काढून ठेवलीत."

ते बराच वेळ पगडीचा शेला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "जॉब गेलाय, काका. हिलासुद्धा सांगितलं नाही. रोज सकाळी टाय लावून निघतो आणि ड्रॅगन मार्टच्या पार्किंगमध्ये बसतो. हप्त्याचा चेक बाउन्स झाला की इथे थेट जेल. चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले बँकेचं बघतील. मेव्हण्याकडे दुसरी किल्ली होती."

"आणि तो म्हातारा?"

"त्याला काय होणारे? चौकशी करतील, सोडतील. इन्शाल्ला दुसरीकडे लागेल."

"गाडी परत मागवा. आत्ता."

त्यांनी माझे पाय धरले. "मागवतो. पण काका, हे आपल्यातच ठेवा. मुलींसमोर नको."

मी हो म्हणालो.

दुपारी गाडी आली. सरनौबतांनी जाहीर केलं की मेव्हण्याने मस्करी केली. सगळे हसले. फडणीस म्हणाले, "खलास. यल्ला, चला, पंगत मांडा." चौकीदार माझ्याजवळ आला. "साहब, अब इनको बोल दो. सबके सामने मुझे चोर बोला था ना."

"गाडी मिल गई ना, बाबा. हो गया," मी म्हणालो.

तो वळून फाटकाकडे गेला. आम्ही जेवायला बसलो. वांग्याचं भरीत होतं.

निघायच्या वेळी मालकाची पिकअप आली. चौकीदार वळकटी घेऊन मागे बसला. मी ड्रायव्हरला म्हणालो, "इसकी कोई गलती नहीं."

"तो किसकी है?" त्याने विचारलं.

फडणीस, सरनौबत, त्यांच्या मुली, सगळे तिथेच सामान भरत होते. मी पेटीतल्या किल्ल्या वाटायला वळलो. पिकअप गेली.

ज्या अब्रूसाठी हे केलं ती फार टिकली नाही. सरनौबत एक दिवस कर्ज तसंच टाकून कुटुंबासकट देश सोडून गेले. ती गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये धुळीने माखलेली कोणाला तरी दिसली. चौकीदाराचा मी मजऱ्यावर जाऊन तपास केला. तो आपल्या मुलखाला परतला होता, पत्ता कोणाकडे नव्हता.

सगळी नोकरी मी समजत आलो की तपास म्हणजे गुन्हेगार शोधणं. या प्रकरणात मला तो शोधायला फारसा वेळ लागला नाही. पण एकाचा जबाब मी वाळूत बसवून घेतला आणि दुसऱ्याचा सावलीत, खांद्यावर हात ठेवून. कोण आपला आणि कोण परका, हे मी पुरावा हाती येण्याआधीच ठरवलं होतं. याची लाज मला अजून वाटते. पुढच्या थंडीत पुन्हा छावणी भरली. तिथून परतल्यावर चौगुले सरांना जे पत्र पाठवलं, ते खाली देतो.

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

मागच्या वर्षीची हकीकत तुम्हाला फोनवर सांगितली, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, 'मग सगळ्यांसमोर कधी सांगणार?' काल सांगितलं. पुन्हा मलाच किल्लेदार केलं होतं. सगळे पेटीपाशी रांगेत उभे असताना, मी त्या म्हाताऱ्याला जिथे बसवलं होतं तिथे उभा राहिलो आणि म्हणालो, गाडी चौकीदाराने दिली नव्हती, हे मला त्याच दिवशी माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. कोणाचं नाव घेतलं नाही, तरी सगळ्यांना कळलं. फडणीस म्हणाले, 'काका, आता कशाला?' फाटकावर नवा चौकीदार होता, पोरसवदा. त्याला मराठी येत नाही. तो आमच्याकडे बघून हसला.

सर, तुम्ही माझ्यासाठी बोललात तेव्हा मी तुमच्या शेजारी उभा होतो. मी बोललो तेव्हा ऐकायला सगळे होते. तो नव्हता.

आपला विद्यार्थी."