‘मी बरा आहे’चं बटण

बटणांच्या मोबाइलचे दिवस होते आणि मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत म्हाताऱ्या माणसांसाठी निरोप पाठवायचा प्रोग्रॅम बनवत होते. हल्लीच्या भाषेत अ‍ॅप. आमच्यापैकी एकानेही तिशी ओलांडली नव्हती, त्यामुळे म्हातारपणाबद्दल आमची मतं फार ठाम होती. अक्षरं मोठी करा, बटणं कमी करा, झालं काम.

परीक्षेला मी माझ्या मामाला धरलं. तो पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वर डोंगरातल्या एका वाडीत राहायचा. मामी गेल्यापासून एकटाच. सोबतीला तीन म्हशी, आणि त्यांच्याशी तो माणसांपेक्षा जास्त बोलायचा. मोबाइलला रेंज फक्त मारुतीच्या देवळापाशी, पारावर. हा कुठे पडला-झडला तर आम्हांला कळणार कधी, ही मला सतत धास्ती. म्हणून त्याच्या फोनमध्ये अगदी सोपी सोय केली. हिरवं बटण दाबलं की पडद्यावर ही मोठी अक्षरं यायची, ‘मी बरा आहे’. पुन्हा दाबलं की निरोप पुण्याला माझ्याकडे. रोज सकाळी म्हशी सोडल्या की पारावर जायचं आणि दोनदा बटण दाबायचं. मामाने मान डोलावली. मी महाडहून पुण्याची एसटी धरली आणि ऑफिसात जाऊन सांगितलं, आपला प्रोग्रॅम डोंगर चढला.

पहिल्या दिवशी निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन लावावा तर लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकून निघाले. वाटेत माझ्या मनाने मामाचं काय काय करून टाकलं ते सांगत नाही.

धापा टाकत वर पोचले तर मामा ओट्यावर बसून काकडी खात होता.

“पारावर जात नाहीस का रे?” मी ओरडलेच.

“रोज जातो ना. एकदा दाबतो, वाचतो नि येतो.”

“मग दुसऱ्यांदा का दाबत नाहीस?”

“आपल्याच तोंडानं मी बरा हाय, बरा हाय सांगत सुटायचं नाय गो. नजर लागते.”

अक्षरं किती मोठी हवीत यावर आम्ही दोन महिने भांडलो होतो. त्या अक्षरांत काय लिहावं, यावर दोन मिनिटंही नाही. मी तडकले. “मग काय लिहू? आजारी आहे असं?”

“तू इचारलंस तर सांगेन. इचारल्यावर सांगायला काय हरकत नाय. पण तू इचारतेस कुठं?”

त्याने काकडीची फोड माझ्यापुढे केली. मी घेतली. मला लाज वाटली, खरीखुरी. ही सोय मामासाठी केली म्हणून मी मिरवत होते, आणि मुळात ती मला रोज विचारावं लागू नये म्हणून होती.

परतल्यावर आम्ही प्रोग्रॅम बदलला. आता आधी आपण विचारायचं, मग म्हाताऱ्यांनी बटण दाबायचं. साहेब म्हणाले, प्रश्न रोज आपोआपच जाऊ दे की. मी नको म्हटलं आणि रोज सकाळी स्वतः विचारू लागले. उत्तर न चुकता यायचं.

पुढे कामाच्या गडबडीत दोन दिवस विचारायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मामा पारावरून बोलत होता.

“तू बरी हायस ना गो?”